पक्षी दारी का येतात?

मुंबईच्या नकाशात दिंडोशी शोधून काढा. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या पूर्वेला, मालाड आणि गोरेगाव जिथे एकमेकांना भिडतात तिथे हे नाव सापडेल. आता नकाशावरचे बोट आणखी थोडे पूर्वेकडे सरकवा. इमारती संपतात आणि टेकड्या सुरू होतात. दक्षिणेला १९४९ साली वसवलेली आरे दूध वसाहत, जवळच चित्रनगरी, आणि या सर्वांच्या पाठीशी सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. म्हणजे दिंडोशीत राहणाऱ्या मुलाचे घर शहरात असते, पण त्याच्या खिडकीबाहेर रान उभे असते.

बिबट्या वस्तीत आला की वर्तमानपत्रात बातमी येते. पक्षी वस्तीत आला तर त्याची बातमी कोण छापणार? तरीही रानातला पक्षी अगदी हाताच्या अंतरावर येऊन बसला, तर तो प्रसंग वर्षानुवर्षे आठवतो. तुमच्यापैकी प्रत्येकाजवळ अशी एखादी आठवण असेलच. मात्र त्या आठवणीला एक प्रश्न जोडायचा राहून जातो: तो पक्षी तिथे का आला होता? हौस म्हणून कोणताही पक्षी माणसाजवळ येत नाही. त्याच्या येण्याला त्याच्या आयुष्यातले काही कारण असते, आणि ते ओळखता आले तरच आपण त्या वेळी काय करावे व काय करू नये हे ठरवता येते. कधीकधी त्यावर त्या पक्ष्याचा जीव अवलंबून असतो.

एका गमतीच्या प्रसंगापासून सुरुवात करू. इमारतीच्या आवारात मोटारसायकली उभ्या असतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांतल्या एकीच्या आरशावर एक चिमुकला, चकचकीत काळा-जांभळा पक्षी येतो. चोच लांब आणि वाकडी. हा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्ष्यांपैकी एक. तो आरशावर चोच मारतो, मागे सरतो, पंख थरथरवतो आणि पुन्हा तुटून पडतो. तुम्ही चार हातांवर उभे असलात तरी त्याला पर्वा नसते. लोक म्हणतात, किती माणसाळला आहे पाहा! पण तो माणसाळलेला मुळीच नाही. विणीचा हंगाम सुरू झाला की नर आपला प्रदेश राखू लागतो. त्या हद्दीत दुसरा नर दिसला की त्याला हुसकावणे हे त्याचे काम. आरशात त्याला तो दुसरा नर दिसतो. खरा प्रतिस्पर्धी केव्हातरी माघार घेतो. हा मात्र तितक्याच जोराने उलट चोच मारतो आणि जराही हटत नाही. त्यामुळे शिंजीर दिवसच्या दिवस झुंजत राहतो, आणि ज्या वेळात मध व किडे मिळवायचे तो वेळ फुकट जातो.

आरशातली प्रतिमा आपलीच आहे हे ओळखणे फार थोड्या प्राण्यांना जमते. चिंपांझी, हत्ती, डॉल्फिन यांची नावे घेतली जातात. पक्ष्यांमध्ये कावळ्याच्या कुळातील मॅगपाय या युरोपीय पक्ष्याने ही परीक्षा दिल्याचे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केले. त्याच्या गळ्यावर, त्याला एरवी दिसणार नाही अशा जागी, रंगीत टिकली चिकटवली होती. आरशात पाहताच तो ती काढू लागला! आपला शिंजीर काही त्या वर्गात बसत नाही. तेव्हा उपाय साधा. आरशावर जुन्या मोज्याची किंवा कापडाची खोळ चढवा. शत्रू नाहीसा झाला की शिंजीर आपल्या कामाला लागतो. हा प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहू शकता. खोळ चढवण्यापूर्वी एका तासात तो किती वेळा आला आणि नंतर किती वेळा आला, याची नोंद ठेवा.

दुसरा शेजारी इतका लहान आणि गुपचूप असतो की तो आला हेच कित्येकांना कळत नाही. गॅलरीतल्या कुंडीत रुंद पानांचे झाड असेल तर पावसाळ्यात पाने जरा निरखून पाहा. एखादे पान गुंडाळल्यासारखे दिसेल आणि त्याच्या कडांवर कापसाचे बारीक पांढरे ठिपके दिसतील. हे शिंप्याचे घरटे. हा पक्षी अवघा सहा ते दहा ग्रॅम वजनाचा. मादी टोकदार चोचीने पानाच्या कडेला भोके पाडते. भोक मोठे झाले तर पान फाटेल आणि सुकेल, म्हणून ते अगदी बारीक असते. त्यातून ती झाडाचा तंतू, कापूस किंवा कोळिष्टकाचा धागा ओवते. आपण शिवतो तेव्हा दोऱ्याला गाठ मारतो. शिंपीण गाठ मारत नाही. धाग्याचे टोक बाहेर पिंजारले जाते आणि त्या फुगीर टोकामुळे धागा मागे सरकत नाही. लोहार दोन पत्रे रिबेटाने जोडतो, त्याच जातीचे हे काम. एका घरट्याला असे दीडशे-दोनशे टाके पडतात. पान झाडावर जिवंतच राहते, त्यामुळे ते इतर पानांत मिसळून जाते. आत मऊ अस्तर घालून तीनएक अंडी घातली जातात. सुमारे बारा दिवसांनी पिले बाहेर येतात आणि आणखी दोन आठवड्यांत ती उडून जातात.

म्हणजे हिशेब सगळा मिळून महिन्याभराचा आहे. तेवढे दिवस त्या झाडाला पाणी घाला, पण पान उलगडून आत डोकावू नका. शिंप्याने तुमची गॅलरी निवडली ती तिथे मांजर चढत नाही आणि कावळ्याची नजर सहसा पोहोचत नाही म्हणून. तुम्ही दिवसातून दहा वेळा तिथे गेलात तर चतुर कावळा तुमच्यावर पाळत ठेवून घरटे शोधतो. हे मी गमतीने म्हणत नाही. कावळ्यासारखा निरीक्षक पक्ष्यांत दुसरा नाही.

घारीची गोष्ट याच्या उलट. ती लपत नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत घारी उंच झाडांवर, मनोऱ्यांवर काटक्यांची घरटी बांधतात, आणि घरट्याजवळच्या गच्चीवर कोणी गेले की मागून झेप घालून डोक्याला ओरखडा काढतात. ज्याला असा प्रसाद मिळाला तो त्या घारीला दुष्ट ठरवून मोकळा होतो. घारीच्या दृष्टीने तो तिच्या पिलांवर चाल करून आलेला प्राणी असतो, एवढेच. पिले उडून जाईपर्यंत गच्चीवर जाताना छत्री उघडून धरावी, किंवा काही आठवडे कपडे दुसरीकडे वाळत घालावेत.

आता एक असा प्रसंग, ज्यात दयाळू मुलांच्याच हातून पक्ष्याचे नुकसान होते. एप्रिल ते ऑगस्ट या काळात झाडाखाली बुलबुलाचे किंवा दयाळाचे पिलू बसलेले सापडते. अंगावर पिसे आलेली, शेपटी आखूड, उडायला गेले की चार फुटांवर पडते. मुले त्याला उचलून घरी आणतात, खोक्यात ठेवतात, दूध-पाव भरवतात. बहुधा दुसऱ्या दिवशी पिलू मरते. खरे तर ते पिलू हरवलेले नसतेच. अनेक लहान पक्ष्यांची पिले नीट उडता येण्यापूर्वीच घरट्याबाहेर पडतात. घरट्यात सगळी एकत्र राहिली तर साप किंवा कावळा एकदमच सगळी संपवील. पांगली तर काही वाचतील. आई-बाप जवळच्या फांदीवरून हाका मारीत त्यांना भरवत असतात. तुम्ही तिथे उभे असता म्हणूनच ते खाली येत नाहीत.

तेव्हा आधी पिसे पाहा. पिसे आलेली असतील आणि पिलू उभे राहत असेल तर ते जवळच्या झुडपात, जमिनीपासून थोडे उंच ठेवा आणि दूर जा. उघडे-बोडके असेल तर ते घरट्यातून पडलेले आहे. घरटे दिसत असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे नाही. एवढे कष्ट घेतलेले पिलू ती वासावरून सोडून देत नाही.

समज-गैरसमजांचा विषय निघालाच आहे तर घुबडाला वगळून चालणार नाही. इमारतीच्या चौकात, नळांच्या मागच्या कपारीत, कधी भर दुपारी एक पांढुरका पक्षी दिसतो. तोंड बदामाच्या एक्क्यासारखे, डोळे काळेभोर. बाहेर कावळ्यांनी गिल्ला केलेला. हे गव्हाणी घुबड. गाईगुरांच्या गव्हाणीत, धान्याच्या कोठारात ते राहत असे, म्हणून हे नाव. जुन्या वाड्यांची आणि गोठ्यांची जागा इमारतींनी घेतली, तेव्हा त्याने इमारतीतल्या कपारी शोधल्या. ते अपशकुन घेऊन येत नाही. ते उंदरांच्या मागे येते, आणि उंदीर आपल्या कचऱ्याच्या मागे येतात. त्याचे ते बदामी तोंड म्हणजे आवाज गोळा करणारी बशी आहे. शिवाय त्याचे दोन्ही कान सारख्या उंचीवर नसतात. त्यामुळे खालून आलेला आवाज एका कानाला किंचित जास्त तर दुसऱ्याला किंचित कमी ऐकू येतो, आणि त्या फरकावरून ते गडद अंधारातही उंदराची जागा अचूक हेरते. दिवसा कावळ्यांनी घेरलेले घुबड कपारीत निमूट बसून असेल तर त्याला हुसकावू नका. अंधार पडला की कावळे झोपायला जातील आणि ते आपल्या वाटेने निघेल.

घराजवळच्या पक्ष्यांकडे असे पाहत बसणे हे पोरखेळाचे काम वाटते का? मग दोन माणसांची माहिती ऐका. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात जन्मलेला ब्रिटिश गृहस्थ. नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी तो एक. बंगल्यात आणि आवारात येणाऱ्या प्राण्यांवर त्याने मिस्कील पुस्तक लिहिले आणि पुढे १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर दुसरे.

दुसरे सलीम अली. त्यांचे बालपण खेतवाडीत गेले. घराच्या तबेल्यात चिमण्यांचे घरटे होते. दहाएक वर्षांच्या सलीमने छर्ऱ्याच्या बंदुकीने तिथला नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा हजर! सात दिवसांत आठ नर झाले. आज असे कोणी करू नये. पण त्या वयात त्या मुलाने टिपण ठेवले होते, ही गोष्ट महत्त्वाची. मोठेपणी नोकरी नसलेल्या दिवसांत ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. बंदूक न उचलता त्यांनी ती महिनोन्‌महिने पाहिली आणि नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते तपासते, पसंत पडले तरच संसार सुरू होतो, आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधायला घेतो, हा सगळा क्रम उलगडला. १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. त्याच सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र दिंडोशीपासून जवळ, चित्रनगरीलगत आहे. शाळेच्या सहलीसाठी गुरुजींना सुचवून पाहा.

आता ज्या पाहुण्यासाठी हा लेख मुद्दाम लिहायला घेतला त्याच्याकडे वळू.

मे महिन्याची अखेर किंवा जूनचा पहिला आठवडा. ढग जमू लागले आहेत. अशा एखाद्या सकाळी गॅलरीतल्या कुंडीमागे एक पक्षी अंग फुगवून बसलेला दिसतो. मैनेपेक्षा थोडा लहान. शेपटी जणू कोणी कापून टाकली आहे इतकी आखूड, पाय मात्र लांब आणि मजबूत. पाठ हिरवी, खांद्यावर चमकदार निळा डाग, छाती बदामी, गळा पांढरा, डोळ्यावरून जाणारी रुंद काळी पट्टी, आणि पोटाखाली कुंकवासारखा लाल रंग. याचे नाव नवरंग. पाहणाऱ्याला वाटते, कोणाचा तरी पाळलेला परदेशी पक्षी पिंजऱ्यातून सुटला असावा. पण हा अस्सल भारतीय, आणि शिवाय अत्यंत लाजाळू. एरवी रानातल्या पाचोळ्यात तो किडे उचकत फिरतो आणि पाहायला गेलात तर दिसत नाही. मग तो चौथ्या मजल्यावर कसा?

नवरंग हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. पावसाळा जवळ आला की तो उत्तरेकडे निघतो. सह्याद्रीतील, मध्य भारतातील आणि हिमालयाच्या पायथ्याची राने हे त्याचे विणीचे ठिकाण. मुंबईजवळची रानेही त्यात आली. पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा हा पक्षी, तुमच्या हातातल्या फोनपेक्षा कितीतरी हलका, हजार-दीड हजार किलोमीटरचाही प्रवास करतो. आणि तोही रात्री. रात्री हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांची भीती कमी असते, आणि दिवस पोट भरायला मोकळा राहतो. इंधन म्हणजे अंगात साठवलेली चरबी.

अंधारात दिशा कशी कळते? अमेरिकेत १९६० च्या दशकात स्टीफन एमलेन या शास्त्रज्ञाने इंडिगो बंटिंग या निळ्या पक्ष्यावर एक सुंदर प्रयोग केला. त्याने नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा बनवला. तळाशी शिक्क्याची शाई लावण्याची गादी, आणि उतरत्या भिंतींना कागद. पक्षी ज्या दिशेला उडू पाहील त्या बाजूच्या कागदावर त्याच्या पायांचे ठसे उमटत. हा पिंजरा त्याने तारांगणात ठेवला. वरळीचे नेहरू तारांगण पाहिले असेल तर तिथला घुमट डोळ्यांसमोर आणा. कृत्रिम आकाशाची उत्तर-दक्षिण उलटी केली तेव्हा पक्ष्यांच्या पायांचे ठसेही उलट बाजूला पडले! हा प्रयोग नवरंगावरचा नाही. पण रात्री प्रवास करणारे पक्षी ताऱ्यांचा आधार घेतात हे त्यातून दिसले. पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही अनेक पक्ष्यांना जाणीव असते. म्हणून ढगाळ रात्रीही ते वाट सोडत नाहीत.

वाट सुटते ती आपल्या दिव्यांमुळे. न्यूयॉर्क शहरात दर वर्षी ११ सप्टेंबरच्या रात्री स्मृती म्हणून आकाशात दोन प्रखर झोत सोडले जातात. त्या झोतांचा सात वर्षांतल्या सात रात्रींत मिळून सुमारे अकरा लाख पक्ष्यांवर परिणाम झाला, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला. पक्षी प्रकाशाभोवती घिरट्या घालीत राहत, ओरडत आणि दमत. पण दिवे वीसएक मिनिटे बंद केले की ते पांगून पुढे निघून जात. आता दिंडोशीचा विचार करा. दक्षिणेकडून येणाऱ्या नवरंगाला मुंबईचा सगळा लखलखाट ओलांडून यायचे असते. अंगातली चरबी संपत आलेली, वर ढग, खाली दिवे. पहाटे तो कुठेतरी उतरतो. उजाडल्यावर समोर काच येते, तिच्यात झाडे आणि आकाश दिसते, आणि तो त्या झाडांकडे झेपावतो. आपटून पडला की कावळे टपलेले असतातच. रान तिथून किलोमीटरभरही दूर नसते. एवढा मोठा प्रवास झाला, आणि नेमके हे अखेरचे अंतर राहून गेले.

असा पाहुणा आला तर पहिले काम म्हणजे पंखा बंद करणे. घाबरलेला पक्षी वर उडतो आणि फिरत्या पात्यांत सापडतो. तो सावध असेल, इकडेतिकडे पाहत असेल तर खिडकी उघडी ठेवून सर्वांनी खोलीबाहेर जावे. फोटोसाठी शेजाऱ्यांना गोळा करू नये. तो सुन्न पडला असेल, किंवा कावळे मागे लागले असतील, तर पातळ कापड टाकून हलक्या हाताने उचला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोक्याला हवेसाठी भोके, तळाला कापड, वर झाकण. अंधारात पक्षी शांत होतो आणि डोक्याला बसलेला मार ओसरायला वेळ मिळतो. चोचीत पाणी घालू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, त्यामुळे ते पाणी थेट फुप्फुसात जाते. भात, पाव, दूध यांतले काहीही देऊ नका. तो किडे आणि गांडुळे खाणारा आहे. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरणे हे सर्वांत कठीण काम, आणि सर्वांत उपयोगाचेही.

तास-दोन तासांनी खोक्यातून पायांची खडखड ऐकू आली की तो सावरला असे समजा. मोठ्या माणसांना सोबत घेऊन रानालगतच्या दाट झाडीपाशी जा, खोके जमिनीवर ठेवा, झाकण काढा आणि मागे सरा. भर दुपारी उघड्या रस्त्यावर सोडू नका, कारण तिथे कावळे त्याला पुन्हा गाठतील, संध्याकाळ बरी. एक पंख लोंबत असेल, रक्त येत असेल किंवा तो उभा राहू शकत नसेल, तर मात्र वेळ न दवडता वनखात्याला कळवा किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. आणि कितीही देखणा असला तरी त्याला पिंजऱ्यात ठेवायचे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. शिवाय त्याचे काम अजून पुरे व्हायचे आहे.

ते काम पावसात सुरू होते. ओल्या रानात जमिनीवर किंवा झाडाच्या खालच्या फांदीवर काटक्या, मुळ्या आणि पाने यांचा गोल गोळा बांधून त्याला एका बाजूने दार ठेवलेले असते. आत चार-पाच तुकतुकीत पांढरी अंडी, त्यांवर जांभळट ठिपके. ते घरटे तुम्हाला दिसण्याची शक्यता कमीच. पण नवरंगाचा आवाज दूरवर जातो: दोन सुरांची स्वच्छ शीळ, पहिला सूर चढता, दुसरा उतरता. तो विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला बोलतो. म्हणूनच तमिळ भाषेत त्याला चक्क ‘सहा वाजताचा पक्षी’ असे नाव आहे. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की दिंडोशीच्या पूर्वेकडची खिडकी सकाळी सहाच्या सुमारास उघडा आणि टेकडीच्या बाजूने ती शीळ येते का ते ऐका. पहिल्यांदा ऐकू येईल त्या दिवसाची तारीख वहीत लिहा, पुढच्या वर्षीची तिच्याखाली.